लेसरने अणू थोपवायचे कसे: रुबिडियमचा चुंबकीय-प्रकाशीय सापळा उभा करताना

खोलीच्या तापमानाला रुबिडियमचा अणू सरासरी सेकंदाला २७० मीटर वेगाने धावत असतो. ७८० नॅनोमीटरचा एक फोटॉन समोरून आदळला की त्याचा वेग जेमतेम ५.९ मिलिमीटर प्रति सेकंद एवढाच घटतो. म्हणजे अणू थांबवायला सुमारे ४६ हजार धक्के लागतात. ऐकायला अशक्य वाटतं, पण रुबिडियमची उत्तेजित अवस्था २६ नॅनोसेकंदच टिकते, त्यामुळे भरपूर प्रकाशात अणू साधारण दर ५२ नॅनोसेकंदांनी एक फोटॉन गिळून दुसरीकडे टाकू शकतो. गिळलेला प्रत्येक फोटॉन एकाच दिशेने धक्का देतो, टाकलेला कुठल्याही दिशेला जातो, त्यामुळे टाकण्याच्या धक्क्यांची बेरीज शून्याकडे जाते. हिशेब केला तर अणूवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ११ हजार पट त्वरण येतं आणि अडीच मिलिसेकंदांत तो थांबतो.

अडचण एकच: सगळ्या बाजूंनी प्रकाश टाकला तर धक्केही सगळ्या बाजूंनी बसतील. त्यावरचा उपाय १९७५ मध्ये हान्श आणि शॉलो या भौतिकशास्त्रज्ञांनी सुचवला. लेसरची वारंवारिता अणूच्या वारंवारितेपेक्षा किंचित कमी ठेवायची. अणू ज्या शलाकेला सामोरा जातोय तिची वारंवारिता डॉप्लर परिणामामुळे त्याला वाढलेली दिसते, म्हणून तिचे फोटॉन तो जास्त गिळतो आणि मंदावतो. रुबिडियमसाठी १ मीटर प्रति सेकंद वेग म्हणजे १.२८ मेगाहर्ट्झचा फरक. हा आकडा पाठच करून ठेवा. एवढ्याने अणू मंद होतात, पण एका जागी राहत नाहीत. त्यासाठी केंद्रापासून वाढत जाणारं चुंबकीय क्षेत्र लागतं. ते अणूच्या ऊर्जापातळ्या अशा सरकवतं की केंद्रापासून भरकटलेल्या अणूला परत ढकलणारी शलाकाच वारंवारितेने जवळची वाटते. १९८७ मध्ये सोडियमवर हा सापळा पहिल्यांदा चालला आणि आज तो पदव्युत्तर प्रयोगशाळेतही उभा करता येतो. मुंबईत टीआयएफआर आणि पुण्यात आयसर इथे रुबिडियमचे असे प्रयोग झाले आहेत. जवळ असाल तर आधी चालता सापळा एकदा डोळ्यांनी बघून या. पुढचा अर्धा लेख त्यात समजेल.

सुरू करण्याआधी एक नियम. प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे तपासून झाल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. शेवटी पकडलेल्या अणूंचा चमकता ठिपका दिसला नाही तर संशयित दहा-बारा असतात आणि ते सगळे एकमेकांच्या आड लपतात.

वर्णरेषा आणि दोन लेसर

रुबिडियम-८७ घ्या. नैसर्गिक रुबिडियममध्ये तो २७.८ टक्के असतो, बाकीचा रुबिडियम-८५. वेगळा केलेला समस्थानिक विकत घेण्याची गरज नाही. लेसर ज्याच्या रेषेवर असेल तोच पकडला जातो.

एफ हा अणूच्या ऊर्जापातळीचा क्रमांक; ′ ही खूण उत्तेजित पातळीची. थंड करणारा लेसर एफ=२ पासून एफ′=३ या संक्रमणावर ठेवायचा. एफ′=३ मधून अणू फक्त एफ=२ लाच परत येऊ शकतो, म्हणून हे चक्र बंद आहे. पूर्ण बंद मात्र नाही. शेजारची एफ′=२ पातळी २६७ मेगाहर्ट्झ खाली आहे आणि दोन-एक हजार फोटॉनांमागे एकदा अणू चुकून तिथे चढतो, तिथून एफ=१ मध्ये घसरतो आणि लेसरला दिसेनासा होतो. वेगाने फोटॉन गिळणाऱ्या अणूच्या बाबतीत हे एका मिलिसेकंदाच्या आत घडतं. म्हणून दुसरा लेसर, रिपंपर, एफ=१ पासून एफ′=२ वर लागतो. दोघांच्या वारंवारितेत सुमारे ६.६ गिगाहर्ट्झचा फरक असल्याने नवशिक्याने सरळ दोन लेसर घ्यावेत. एकाच लेसरवर मॉड्युलेटर लावून दुसरी वारंवारिता काढता येते, पण पहिल्या उभारणीत ती काटकसर महागात पडते.

डायोड लेसर

नुसत्या डायोडची वारंवारिता फार भटकते. त्याच्यासमोर मिलिमीटरला १८०० रेषांची ग्रेटिंग (प्रत्येक तरंगलांबी वेगळ्या कोनात परतवणारी रेघांची पट्टी) लिट्रो पद्धतीने, म्हणजे थोडा प्रकाश आल्या वाटेने परत जाईल अशी, बसवतात. ७८० नॅनोमीटरला ग्रेटिंगचा कोन ४४.६ अंश येतो. ग्रेटिंगवरून परतलेला थोडा प्रकाश डायोडमध्ये शिरला की रेषेची रुंदी १ मेगाहर्ट्झच्या खाली येते. रुबिडियमची नैसर्गिक रुंदी ६.०७ मेगाहर्ट्झ असल्याने एवढं पुरतं.

ग्रेटिंग जुळवण्याची पद्धत अशी: डायोडचा प्रवाह त्याच्या उंबरठ्याच्या (लेसर जिथे सुरू होतो त्या प्रवाहाच्या) जरासा खाली आणा. आता ग्रेटिंगचा उभा स्क्रू हळूहळू फिरवा. परतलेला प्रकाश नेमका डायोडवर पडला की लेसर एकदम उजळतो. प्रवाह आणखी कमी करा आणि पुन्हा तेच. उंबरठा सगळ्यात खाली जिथे येईल ती जागा खरी.

डायोड विकत घेताना नाममात्र तरंगलांबी ७८० किंवा ७८१ च्या आसपास असलेलाच घ्या. तापमान एक अंशाने उतरवलं की डायोडची तरंगलांबी पाव-तीन दशांश नॅनोमीटर कमी होते. स्वस्तात ७८५ चा मिळाला म्हणून आणला तर त्याला सतरा ते वीस अंश थंड करावं लागेल. मुंबईच्या पावसाळ्यात बाहेरच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या घरात असतो. एसी रात्री बंद राहिला की थंड डायोडवर पाणी धरतं. डायोड मेल्यावर कारण शोधत बसण्यापेक्षा पेटी बंद ठेवा, आत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि तापमान दवबिंदूच्या वरच राखा.

लेसरच्या तोंडाशी ऑप्टिकल आयसोलेटर (प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारा) हवाच, किमान ३० डेसिबलचा, शक्यतो दुहेरी. पुढे सापळ्याकडे जाणारा प्रकाश आरशांवरून उलटून परत येतो. तो डायोडमध्ये शिरला की लेसर विनाकारण उड्या मारतो.

इथेच सुरक्षेचं सांगतो. ७८० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला फिकट लाल दिसतो, त्यामुळे ५० मिलिवॅटची शलाकाही निरुपद्रवी वाटते. तसं मुळीच नाही. त्या तरंगलांबीचा चष्मा घाला, घड्याळ-अंगठी काढून ठेवा, शलाका टेबलाच्या सपाटीला समांतर ठेवा आणि खाली पडलेली वस्तू उचलताना डोळे टेबलाच्या उंचीवर आणू नका.

लेसर रेषेवर बांधणे

साडेसात सेंटिमीटर लांबीची रुबिडियम बाष्पाची काचनळी घ्या. खोलीच्या तापमानाला आतल्या बाष्पाचं शोषण पुरेसं असतं, तापवण्याची गरज नाही. लेसरमधून दोन-तीन मिलिवॅट प्रकाश वेगळा काढा. त्यातून ५० मायक्रोवॅटची क्षीण शलाका नळीतून फोटोडायोडवर पाठवा आणि काहीशे मायक्रोवॅटची बलवान शलाका उलट दिशेने तिच्यावरच चढवा. ग्रेटिंग हलवणाऱ्या पिएझोवर (व्होल्टेजने किंचित लांबणाऱ्या स्फटिकावर) त्रिकोणी व्होल्टेज देऊन लेसरची वारंवारिता मागेपुढे करा.

ऑसिलोस्कोपवर आधी रुंद खड्डे दिसतात. वाढत्या वारंवारितेने त्यांचा क्रम: रुबिडियम-८७ एफ=२, मग ८५ चे दोन, शेवटी ८७ एफ=१. सगळ्यात खोल खड्डा ८५ चा असतो. त्यावर लॉक करून (लेसर तिथे बांधून) "सापळा चालत नाही" म्हणून आठवडा घालवणारे पुष्कळ असतात. बलवान शलाका जुळली की रुंद खड्ड्यात बारीक टोकं उगवतात. ८७ च्या एफ=२ खड्ड्यात अशी सहा असतात. एफ′=३ ला शून्य धरलं तर त्यांच्या जागा उणे १३३, २१२, २६७, ३४५ आणि ४२४ मेगाहर्ट्झवर. उजवीकडून दुसरं, म्हणजे उणे १३३ वालं, सगळ्यात ठळक असतं. ते खरी पातळी नव्हे; एफ′=२ आणि एफ′=३ यांच्या बरोबर मध्ये उगवणारी संकररेषा आहे. ज्या वेगाच्या अणूंना एक शलाका एका पातळीवर आणि समोरची दुसऱ्या पातळीवर वाटते, तेच ती तयार करतात. ठळक असल्याने लॉक करायला तीच सोयीची.

टोकाच्या माथ्यावर थेट लॉक होत नाही, कारण माथ्यावर चूक डावीकडे की उजवीकडे हे कळत नाही. डायोडच्या प्रवाहात काही दहा किलोहर्ट्झची बारीक लहर मिसळा आणि लॉक-इन ॲम्प्लिफायरने फोटोडायोडचा संकेत त्याच लहरीशी ताडून पाहा. माथ्याच्या जागी शून्य ओलांडणारी तिरपी रेषा मिळते. ती पिएझोला आणि डायोडच्या प्रवाहाला परत द्या. लॉक झाल्यावर टेबलावर बोटाने टिचकी मारा. लॉक सुटत असेल तर मिळकत (परत दिलेल्या संकेताची वाढ, गेन) कमी-जास्त करा. संकेत थरथरत असेल तर मिळकत जास्त आहे.

रिपंपर याच पद्धतीने एफ=१ खड्ड्यातल्या एफ′=१ आणि २ च्या संकररेषेवर बांधा. ती एफ′=२ च्या ७८.५ मेगाहर्ट्झ खाली आहे. त्याला ८० मेगाहर्ट्झच्या एओएममधून (ध्वनिलहरींनी प्रकाशाची वारंवारिता सरकवणाऱ्या स्फटिकातून) एकदा पाठवून अधिक पहिल्या क्रमाचा, म्हणजे वारंवारिता वाढलेला, प्रकाश घेतला की तो पातळीच्या दीड मेगाहर्ट्झ वर बसतो, जे चालून जातं. हवं तर एओएमचा चालक ७८.५ वर आणा.

एओएम: वारंवारिता सरकवणे

थंड करणारा लेसर एफ′=३ च्या १३३.३ मेगाहर्ट्झ खाली बांधलेला आहे. आपल्याला तो १२ ते १८ मेगाहर्ट्झ खाली हवा. ६० मेगाहर्ट्झच्या एओएममधून दोनदा पाठवला तर १२० ची भर पडते आणि उरतात उणे १३.३ मेगाहर्ट्झ, म्हणजे नैसर्गिक रुंदीच्या २.२ पट. सापळ्यासाठी ही छान जागा आहे.

दोनदा पाठवण्याचं कारण वेगळं आहे. एओएमची वारंवारिता बदलली की शलाकेचा कोन बदलतो आणि पुढचं सगळं जुळवलेलं बिघडतं. एओएमपासून बरोबर केंद्रांतरावर भिंग ठेवा, भिंगापासून तेवढ्याच अंतरावर सपाट आरसा, मध्ये प्रकाशाचं ध्रुवण (कंपनाची दिशा) बदलणारी चौथाई तरंग पट्टी. परतीच्या वाटेवर कोन आपोआप भरून निघतो आणि ध्रुवण ९० अंशांनी वळल्यामुळे ध्रुवक घनाने (एका ध्रुवणाचा प्रकाश सरळ, दुसऱ्याचा बाजूला पाठवणाऱ्या) ती शलाका वेगळी काढता येते. एका फेरीत ८० टक्के, दोन्ही मिळून ६० टक्के प्रकाश पुढे आला तर जुळणी बरी समजा. ४० च्या खाली असेल तर आधी एओएमचा कलाचा कोन, मग त्यातला शलाकेचा आकार पाहा.

पुढे मोलॅसिसने, म्हणजे चुंबकीय क्षेत्राशिवाय नुसत्या शलाकांनी, खोलवर थंड करायचं मनात असेल तर आत्ताच विचार करा, कारण तिथे लेसर ५०-६० मेगाहर्ट्झ खाली न्यावा लागतो आणि ६० च्या एओएमला एवढी झेप परवडत नाही. उणे २१२ वरच्या संकररेषेवर लॉक केलं तर १०० मेगाहर्ट्झला उणे १२ आणि ८१ मेगाहर्ट्झला उणे ५० मिळतात. ती रेषा जरा अशक्त असते, पण एका एओएमवर काम भागतं.

व्हॅक्यूम

सापळ्यातला अणू हवेच्या एखाद्या रेणूने धडक दिली की उडून जातो. काम चालायला पार्श्वभूमीचा दाब टॉरच्या (दाबाच्या एककाच्या) अब्जाव्या भागाच्या आसपास किंवा खाली हवा. यात चलाखी चालत नाही, फक्त स्वच्छता.

निर्वात पेटीचे स्टीलचे भाग साबणाच्या पाण्यात, मग ॲसिटोनमध्ये, शेवटी आयसोप्रोपिलमध्ये धुवा. त्यानंतर आतल्या पृष्ठभागाला उघडा हात लागता कामा नये. बोटाचा एक ठसा महिनाभर वायू सोडत राहतो. जोड सीएफ पद्धतीचे, म्हणजे सुरीसारखी धार तांब्याच्या गॅस्केटमध्ये रुतणारे. गॅस्केट एकदाच वापरायचं, कितीही नवं दिसलं तरी. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एका बाजूने पूर्ण आवळत गेलात तर सुरीची धार वाकडी बसते आणि ती गळती पुढे सापडत नाही.

टर्बो पंपाने हवा काढा, हीलियमने गळती तपासा, मग बेकिंग, म्हणजे पेटी तापवून भिंतींतले वायू बाहेर काढणं. स्टीलच्या पेटीला १५० ते २०० अंश, चार-पाच दिवस ते आठवडा. काचेच्या खिडक्या असतील तर तापमान मिनिटाला एका अंशापेक्षा वेगाने चढवू-उतरवू नका आणि प्रत्येक खिडकीवर ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून वेगळा तापमापक लावा. काच आणि धातू यांच्या जोडाला तापमानातला फरक सोसत नाही. परावर्तनरोधक लेपाची आणि आयन पंपाच्या चुंबकांची कमाल तापमर्यादा आधीच वाचून ठेवा; तीच तुमची खरी मर्यादा.

रुबिडियमचा स्रोत म्हणून विद्युत डिस्पेन्सर (प्रवाहाने तापून रुबिडियम सोडणारा) सोयीचा. उघडं रुबिडियम पाण्याशी पेट घेतं, डिस्पेन्सरमध्ये ते संयुगरूपात असल्याने हवेत हाताळता येतं. बेकिंग चालू असताना त्यातून उंबरठ्याच्या बराच खालचा प्रवाह सोडून त्याचे वायू काढून घ्या. उंबरठा मापावर अवलंबून असतो, बहुतेकांचा ३ ते ५ अँपिअरमध्ये. थंड झाल्यावर टर्बोची झडप बंद करून सगळं आयन पंपावर सोपवा. आयन पंपाला यूपीएस द्या. रात्रीत वीज गेली आणि पंप बंद पडला तर नुकसान हळूहळू होतं आणि सकाळी कुणाच्या लक्षात येत नाही.

वेटोळी

दोन सारखी वेटोळी समोरासमोर, प्रवाह उलट दिशांनी. मध्ये क्षेत्र शून्य, तिथून सगळीकडे वाढतं. लागणारा उतार अक्षावर १० ते १५ गॉस प्रति सेंटिमीटर. आडव्या दिशांना आपोआप त्याच्या निम्मा.

उदाहरण म्हणून त्रिज्या ६ सेंटिमीटर, अंतरही ६, प्रत्येकी १५० वेढे. अशा जोडीतून एका अँपिअरला ४.५ गॉस प्रति सेंटिमीटर मिळतात, म्हणून १२ साठी २.७ अँपिअर. १ मिलिमीटर जाडीची इनॅमल तार प्रत्येक वेटोळ्याला सुमारे ५७ मीटर लागते, रोध १.२५ ओहमच्या आसपास, उष्णता ९ वॅट. पाण्याने थंड करण्याची गरज नाही. गुंडाळीची चौकट ॲल्युमिनियमची असेल तर ती एका जागी कापून ठेवा, नाहीतर वेटोळं बंद करताना चौकटीतच प्रवाह फिरत राहतो.

बसवण्याआधी चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या हॉल मापकाने मध्यभाग तपासा. दोन्हीत प्रवाह चुकून एकाच दिशेने सोडला असेल तर मध्ये शून्याऐवजी चांगलं जोरदार क्षेत्र मिळेल. ही चूक लाजिरवाणी आहे आणि नेहमी होते.

पृथ्वीचं आपल्याकडचं क्षेत्र सुमारे ०.४ गॉस, त्यामुळे सापळा एक तृतीयांश मिलिमीटर सरकतो. तेवढं चालतं. आयन पंपाचं चुंबक मात्र जवळ असेल तर सापळा शलाकांच्या बाहेर जाऊ शकतो. तीन दिशांना तीन जोड्या साध्या भरपाई वेटोळ्यांच्या आत्ताच बसवा. मोलॅसिसला त्या लागतातच.

शलाका आणि ध्रुवण

प्रकाशाचा जमाखर्च साधारण असा जातो: लेसर ८० मिलिवॅट, आयसोलेटरनंतर ७०, लेसर बांधायच्या वर्णपटाला दोन-तीन, एओएमनंतर ४०, ध्रुवण राखणाऱ्या फायबरनंतर २५. तो तीन वाटांत वाटला की प्रत्येकी ८ मिलिवॅट. शलाका २० मिलिमीटर व्यासापर्यंत फुगवा. मध्यावरची तीव्रता चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट, म्हणजे संतृप्त तीव्रतेच्या (ज्यापुढे अणूचं फोटॉन गिळणं फारसं वाढत नाही त्या तीव्रतेच्या) तिप्पट येते. व्यासाला कंजूषी करू नका. पकडला जाणारा अणू शलाकेच्या रुंदीतच थांबायला हवा, म्हणून रुंद शलाकेत जास्त वेगाचे अणूही सापडतात आणि संख्या झपाट्याने वाढते. रिपंपरचे तीन-चार मिलिवॅट पुरतात. तो एका वाटेत मिसळला तरी भागतं.

तीन शलाका पेटीच्या केंद्रात काटकोनात छेदल्या पाहिजेत. खिडकीवर मध्ये बारीक भोक पाडलेला कागद लावा आणि दोन आरशांनी शलाका दोन्ही खिडक्यांच्या मध्यातून न्या. पलीकडच्या आरशावरून परतलेली शलाका त्याच भोकातून मागे गेली पाहिजे. लेप नसलेल्या खिडकीवर प्रत्येक पृष्ठभागाला ४ टक्के प्रकाश वाया जातो, त्यामुळे परतीची शलाका अशक्त होते. येणारी शलाका किंचित निमुळती ठेवली की परतीची लहान होऊन तीव्रता भरून निघते.

आता ध्रुवण, जिथे सगळे अडतात. सहाही शलाका वर्तुळाकार ध्रुवित हव्यात. प्रत्येक वाटेवर पेटीच्या अलीकडे एक चौथाई तरंग पट्टी, पलीकडे आरशाच्या आधी दुसरी. आधीची पट्टी अशी तपासा: तिच्यापुढे तात्पुरता आरसा धरून प्रकाश ध्रुवक घनाकडे परत पाठवा. पट्टी ४५ अंशांवर असेल तर परतलेला सगळा प्रकाश घनातून बाजूला फेकला जातो आणि आल्या वाटेने जवळजवळ काहीच जात नाही. आरशाअलीकडच्या पट्टीचा कोन महत्त्वाचा नाही. तिच्यातून दोनदा जाऊन आलेल्या प्रकाशाचं ध्रुवण कोणत्याही कोनाला योग्य बाजूचंच राहतं.

वेटोळ्यांच्या अक्षावरची शलाका इतर दोघींच्या विरुद्ध बाजूची वर्तुळाकार लागते, कारण क्षेत्राचा उतार त्या दिशेला उलट चिन्हाचा असतो. प्रकाशशाखेच्या पुस्तकांत डावं-उजवं ठरवण्याचे संकेत एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे कागदावर डोकं खपवू नका. दोन आडव्या शलाका सारख्या ठेवा, अक्षाची उलट ठेवा, आणि चाललं नाही तर विद्युतप्रवाह उलटा करा. आडव्या दोघी खरंच सारख्या आहेत का याची खात्री नसेल तर एकीची पट्टी ९० अंश फिरवून पुन्हा प्रवाहाच्या दोन्ही दिशा बघा. तीन शलाका आणि एक प्रवाह, एवढीच मांडणी; चार सापेक्ष रचना, प्रत्येकीत दोन दिशा. आठ प्रयत्नांत सगळं संपतं. मात्र मध्ये आरसा असेल तर तो वर्तुळाची बाजू उलटवतो, म्हणून पट्टी शेवटच्या आरशानंतर लावा.

पहिला ठिपका

अवरक्त गाळणी काढलेला साधा कॅमेरा पेटीच्या मध्यावर रोखा. वेटोळी बंद, दोन्ही लेसर लॉक. डिस्पेन्सरचा प्रवाह पाच मिनिटांनी ०.२ अँपिअर अशा बेताने वाढवा आणि आयन पंपाच्या प्रवाहावर लक्ष ठेवा. रुबिडियम आलं की शलाकांच्या वाटा मंद चमकू लागतात. लेसरचं लॉक सोडून वारंवारिता फिरवली की चमक लुकलुकते. तशी लुकलुकली नाही तर ती अणूंची नव्हे, खिडकीवरून विखुरलेला प्रकाश आहे.

मग लॉक करा आणि वेटोळ्यांत प्रवाह सोडा. सगळं बरोबर असेल तर सेकंदाच्या आसपास मध्ये एक-दोन मिलिमीटरचा तेजस्वी गोळा साठतो. तो खरा आहे का हे तपासायच्या तीन खुणा: प्रवाह उलटा केला की नाहीसा, रिपंपर अडवला की नाहीसा, एखादी शलाका अडवली की नाहीसा. यापैकी एकातही टिकला तर तो परावर्तनाचा डाग आहे, आनंद आवरा.

काहीच दिसत नसेल तर क्रमाने जा. रिपंपर लॉक आहे पण चुकीच्या टोकावर, ही पहिली शक्यता; त्याची वारंवारिता लॉक सोडून हाताने हळू फिरवा, सापळा क्षणभर चमकून जाईल. दुसरी, एओएमचा अधिकऐवजी उणे क्रम घेतलेला असणं. तेव्हा लेसर २५३ मेगाहर्ट्झ खाली, एफ′=२ च्या जवळ जाऊन बसतो आणि वाटा तरीही चमकतात, म्हणूनच ही चूक फसवी. तिसरी, ध्रुवण. चौथी, वेटोळ्यांचं केंद्र आणि शलाकांचं केंद्र वेगळं. भरपाई वेटोळ्यांनी शून्य हलवून बघा. दाब फार असेल तर गोळा दिसतो, पण क्षीण आणि लगेच भरणारा. तेव्हा डिस्पेन्सर कमी करा. गोळ्याऐवजी कंकण किंवा फिरणारी शेपटी दिसली तर परतीच्या शलाका थोड्या तिरक्या आहेत. आरशाचा स्क्रू पाव फेरी, त्याहून जास्त नको.

मोजणी आणि आणखी खाली

किती अणू आहेत ते चमकेवरून काढता येतं. वरच्या आकड्यांना, सहाही शलाका धरून, एक अणू सेकंदाला सुमारे ५६ लाख फोटॉन टाकतो. ढगापासून १५० मिलिमीटरवर २५ मिलिमीटरचं भिंग ठेवलं तर त्यातले ०.१७ टक्के गोळा होतात. दहा कोटी अणू असतील तर फोटोडायोडवर पाव मायक्रोवॅट प्रकाश पडतो आणि १ मेगाओहमवर साधारण ०.१२ व्होल्ट दिसतात. चुंबकीय क्षेत्र बंद करून मिळणारं पार्श्वभूमीचं व्होल्टेज त्यातून वजा करा. तीव्रतेच्या मोजमापातली चूक थेट उत्तरात उतरते, म्हणून ही संख्या दुपटी-निमपटीपर्यंतच खरी माना.

या ढगाचं तापमान साधारण डॉप्लर मर्यादेच्या (डॉप्लर पद्धतीने गाठता येणाऱ्या सर्वांत कमी तापमानाच्या) आसपास असतं. रुबिडियमसाठी ती १४६ मायक्रोकेल्विन. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या विल्यम फिलिप्स यांच्या गटाने सोडियम त्याच्या २४० मायक्रोकेल्विनच्या मर्यादेखाली, ४३ वर उतरलेला मोजला, तेव्हा सिद्धान्तच नव्याने मांडावा लागला. ध्रुवणाच्या बदलत्या नक्षीतून जाताना अणू सतत चढावरच चालतो आणि ऊर्जा गमावतो, असं त्याचं स्पष्टीकरण. तुमच्या टेबलावर ते असं घडवा: वेटोळी बंद करा, लेसर उणे ५० मेगाहर्ट्झकडे न्या, तीव्रता पाच ते दहा मिलिसेकंदांत उतरवत जा, मग सगळा प्रकाश बंद. भटकं क्षेत्र काहीशे मिलिगॉस उरलं असेल तर काहीच मिळणार नाही. भरपाई वेटोळी जुळवायची सोपी खूण म्हणजे क्षेत्र बंद केल्यावर ढग कुठल्याही एका बाजूला न पळता जागच्या जागी हळूहळू विरत गेला पाहिजे.

तापमान मोजायला ढग मोकळा सोडा आणि ५, १०, १५, २० मिलिसेकंदांनी क्षणभर प्रकाश टाकून छायाचित्र घ्या. प्रत्येक वेळी नवा ढग भरायचा. रुंदीचा वर्ग वेळेच्या वर्गाशी मांडला की सरळ रेषा येते आणि तिच्या उतारावरून तापमान निघतं. ५० मायक्रोकेल्विनला वेगाचा पसारा सेकंदाला ६९ मिलिमीटर, म्हणजे १० मिलिसेकंदांत ढग ०.७ मिलिमीटर फुगतो. कॅमेऱ्याचं माप ढगाच्या घसरणीवरूनच पडताळा: २० मिलिसेकंदांत तो बरोबर १.९६ मिलिमीटर खाली यायला हवा. पहिल्या तीन-चार मिलिसेकंदांचे बिंदू रेषेत बसत नसतील तर स्टीलच्या पेटीत क्षेत्र अजून विझतंय. ते बिंदू सोडून द्या. आणि ढग सरळ खाली न पडता तिरका गेला, तर एओएम बंद केल्यावरही कुठली तरी शलाका झिरपतेय. त्या वाटेवर यांत्रिक शटर लावा.